अठ्ठावन्न पट परतावा कुठे गेला?

2022 च्या डिसेंबरात गोव्यात मोपाच्या विमानतळाचं आणि झुआरीवरच्या नव्या पुलाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. अशा प्रकल्पांच्या कोटींच्या आकड्यालाच आपण विकास समजतो. मुहूर्त साधला की काम यशस्वी होतं, या समजुतीइतकाच हा समजही निराधार आहे.

पूल, यंत्रं, बंदरं हे भौतिक भांडवल. शिक्षण, कौशल्य, आरोग्य हे मानवी भांडवल. पहिल्याला घटत्या फळाचा नियम लागतो. मालीम जेटीवर खलाशी तेवढेच ठेवून दुसरा, तिसरा ट्रॉलर आणला, तर प्रत्येक नव्या ट्रॉलरमागे मासळीतली वाढ कमी कमी होत जाते. उलट, जिथे यंत्रं थोडी तिथे पुढच्या यंत्राचा परतावा मोठा. मग श्रीमंत देशांतला पैसा गरीब देशांकडे का लोटत नाही?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी 1990 मध्ये हे गणित भारत-अमेरिका घेऊन मांडलं. अर्थशास्त्रात याहून देखणं गणित मी पाहिलेलं नाही. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे घेतले तर अमेरिकेतलं दरडोई उत्पादन भारताच्या 15 पट. सगळा फरक यंत्रांचाच धरला आणि उत्पन्नात भांडवलाचा वाटा 0.4 मानला, तर परताव्याचं गुणोत्तर येतं 15 चा 1.5 वा घात, म्हणजे 58. भारतातल्या भांडवलाने 58 पट कमवायला हवं होतं!

मग लुकासनी कौशल्य हिशेबात घेतलं. तेव्हाच्या अंदाजांनुसार एक अमेरिकन कामगार पाच भारतीय कामगारांइतका धरला. 15 भागिले 5, म्हणजे फरक 3 पट. 3 चा 1.5 वा घात 5.2. तरी पाच पट उरलेच. खरी मेख पुढे आहे: कुशल माणसामुळे शेजारी काम करणाऱ्याचीही उत्पादकता वाढते. हा परिणाम धरला की 5.2 ला आणखी 5 ने भागावं लागतं, आणि उरतं 1.04. फरक जवळजवळ संपला.

म्हणूनच गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव काढलेल्या मराठी प्राथमिक शाळा मला कुठल्याही पुलाच्या तोडीची गुंतवणूक वाटतात. आणि म्हणूनच परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब घरी येणाऱ्या पैशांवर संपत नाही. आयटीआयत शिकलेला फिटर पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेला, तर पगारातला वाटा घरी येतो. पण कारखान्यात त्याच्या हाताखाली तयार झाला असता तो पोरगा शिकायचा राहतो, आणि लुकासच्या गणितातला दुसरा 5 घटतो.