गेम उघडत नाही? अँटिव्हायरस काढण्याआधी हे वाचा

सुट्ट्या लागल्या की आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते : "भाऊ, पोट्ट्यानं गेमसाठी काहीतरी बंद करून ठेवलं, आता बँकेचं पान उघडाले भेव वाटते बाप्पा." दारव्हा-दिग्रसकडच्या बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच. सातबारा त्याच्यावरच निघतो, पीक विम्याचा फॉर्म त्याच्यावरच भरला जातो आणि रात्री जेवणं झाली की पोरगा गेमही त्याच्यावरच खेळतो. म्हणून गेमपायी अँटिव्हायरस कायमचा बंद करायला आम्ही तयार होत नाही. त्याला त्या एका गेमची ओळख करून दिली की भागतं.

सगळ्यात आधी घड्याळ बघा

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे का? हसू नका. मागे एक जण मोटारसायकलवर सीपीयू पोत्यात गुंडाळून घेऊन आला. गेम काढून पुन्हा टाकला होता, मोबाइलच्या डाटावर तीन रात्री डाउनलोड चालू होतं, तरी लॉगिन होईना. तारीख पाहिली तर 2012. मदरबोर्डवरचा गोल सेल (सीआर 2032, 3 व्होल्टचा) संपला होता, त्यामुळे लाइन गेली की घड्याळ मागे जायचं. तारीख चुकली की सर्व्हरचं सुरक्षा सर्टिफिकेट कॉम्प्युटरला खोटं वाटतं आणि जोडणीच होत नाही. अँटिव्हायरसचं अपडेटही त्याच कारणानं अडतं. सेल साधारण 50 रुपयांचा. तीन रात्रींचा डाटा मात्र गेला तो गेलाच.

दोष अँटिव्हायरसचाच आहे का?

तारीख ठीक असेल तर अँटिव्हायरस फक्त 10 मिनिटांसाठी थांबवा आणि गेम लावून पाहा. त्या वेळात दुसरं काही उघडू नका, पेनड्राइव्ह लावू नका. गेम चालला नाही तर दोष दुसरीकडे आहे. अँटिव्हायरस लगेच चालू करा. चालला तर पुढचं वाचा.

विंडोजचं स्वतःचं संरक्षण वापरत असाल तर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' पाहा. गेमची एखादी फाइल तिथे अडकवून ठेवलेली दिसेल. गेम स्टीम, एपिक अशा गेम विकणाऱ्या मूळ ठिकाणाहून घेतलेला असेल तरच ती सोडवा आणि फक्त त्या गेमचं फोल्डर 'एक्सक्लूजन्स'मध्ये (तपासणीतून सूट द्यायच्या यादीत) टाका. अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्सचं फोल्डर टाकणारे आम्ही पाहिलेत. वावराला कुंपण घालून फाटक उघडं ठेवल्यासारखं ते. त्यानंतर स्टीममध्ये गेमच्या 'प्रॉपर्टीज'मधून फाइल्स तपासून घ्या. गायब झालेल्या फाइल्स तेवढ्या पुन्हा उतरतात, पूर्ण गेम उतरवावा लागत नाही.

गेम चालतो पण सेव्ह होत नाही, अशी तक्रार असेल तर 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का पाहा. डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रामला ते लिहू देत नाही. ते बंद न करता गेमला परवानगी द्या.

फायरवॉलची ती खिडकी

गेम पहिल्यांदा लावला की विंडोजचं फायरवॉल (नेटवरून कोण आत येईल यावरचा पहारा) खिडकी उघडून परवानगी विचारतं. पोरं घाईत 'कॅन्सल' दाबतात, विंडोज त्याचा अर्थ 'अडवा' असा घेतं आणि पुन्हा विचारत नाही. मग मित्र तुमच्या गेममध्ये येऊ शकत नाहीत, कधी बोलण्याचा आवाजही पोचत नाही. फायरवॉलच्या 'अलाऊड ॲप्स'मध्ये जाऊन आधी 'चेंज सेटिंग्ज' दाबा, मग गेमसमोर खूण करा.

इथे आपल्याकडची एक खास गोम आहे. खेड्यात नेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येतं आणि विंडोज त्या नेटला 'पब्लिक' (परकं) धरतं, 'प्रायव्हेट' (घरचं) नाही. खूण फक्त 'प्रायव्हेट'खाली केली तर काहीच फरक पडत नाही. हॉटस्पॉट तुमच्याच फोनचा असेल तर वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ते नेट 'प्रायव्हेट' करा. बसस्टँडवरच्या किंवा लॉजच्या वाय-फायला मात्र असं करू नका.

दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढाच. लॅपटॉपसोबत फुकट आलेला मुदत संपूनही आत बसलेला असतो आणि तुम्ही विकत घेतलेला वेगळाच. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि गेम मध्येच अडकतो.

अँटी-चीट आणि बायोस

अँटी-चीट म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड विंडोजच्या अगदी मुळाशी चालतं, कॉम्प्युटर सुरू होतानाच जागं होतं. अँटिव्हायरसनं त्याची फाइल उचलली तर परवानगी दिल्यावर रीस्टार्ट करावाच लागतो. इझी अँटी-चीट वापरणाऱ्या गेमच्या फोल्डरमध्ये त्याचा सेटअप असतो, त्यातलं 'रिपेअर' दाबलं की बऱ्याचदा काम होतं.

विंडोज 11 वर व्हॅनगार्डला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात. त्या नसतील तर व्हॅन 9003 सारखा एरर येतो. हे बायोसमधलं (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधलं) काम आहे आणि इथे आमची हात जोडून विनंती : व्हिडिओ बघून घरी करू नका. जुन्या पद्धतीनं टाकलेलं विंडोज असेल तर आहे त्याच डिस्कची मांडणी बदलून न घेता सेटिंग फिरवलं की कॉम्प्युटर सुरूच होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती कुठे ठेवली हे घरात कोणालाच ठाऊक नसतं.

आम्ही काय करत नाही

पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या 'क्रॅक' (कुलूप तोडलेल्या, चोरीच्या) गेमसाठी आम्ही अँटिव्हायरसमध्ये सूट देत नाही, कितीही जुने ग्राहक असलात तरी. तिथे तो बहुतेक वेळा बरोबरच भुंकत असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे, तेही काम आमच्याकडे आणू नका.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणा, मॉनिटर नको. एररचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. "इंग्रजीत काहीतरी येते" एवढ्यावरून आम्हाला उमगत नाही. गेमचा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो पोरगा सोबत असू द्या. तपासणीचे पैसे नाहीत, दुरुस्तीचे आधी सांगू.