मॉड आणि फर्स्ट कॉपी: सबमरीनरसारख्या दिसणाऱ्या दोन घड्याळांतला फरक

काळं बेझल म्हणजे काचेभोवतीचं फिरणारं कडं, जाड स्टीलची केस, डायलवर गोल ठिपके, तारखेवर काचेचं छोटं भिंग, असं घड्याळ हातात दिसलं की जळगाव-भुसावळकडे प्रश्न ठरलेला असतो, "काय भो, फर्स्ट कॉपी का?" विचारणाऱ्याची चूक नाही, लांबून दोन्ही सारखीच दिसतात आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा जवळून पण. पण एक असतं मॉड, म्हणजे पार्ट बदलून किंवा जोडून स्वतः बनवलेलं घड्याळ, आणि एक फर्स्ट कॉपी, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं नाव लावलेली नक्कल, आणि गल्लत इतकी झालीय की नवीन पोरं मॉड बनवायचं म्हणून पार्ट मागवतात आणि नकळत फर्स्ट कॉपी जोडून मोकळी होतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हा चेहरा आला कुठून ते बघू. १९५३ मध्ये दोन घड्याळं आली, ब्लाँपाँचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरीनर, दोन्ही पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, म्हणजे डायव्हरसाठी. मग १९५७ ला ओमेगाचं सीमास्टर ३०० आणि १९६५ ला सीकोचं पहिलं डायव्हर, १५० मीटरवालं. बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवला की नंतर किती मिनिटं गेली ते सरळ वाचता येतं, आणि आताच्या डायव्हर घड्याळांत ते एकाच दिशेला फिरतं, कारण धक्का लागून सरकलंच तर गेलेला वेळ जास्त दाखवेल, म्हणजे बुडी मारणारा लवकर वर येईल. माझा रावेरकडचा एक मित्र केळीच्या बागेत ड्रिपचा व्हॉल्व्ह कधी बदलायचा ते या बेझलवर लावून ठेवतो, आणि मला तर वाटतं बेझल असावं ते याचसाठी. मुद्दा हा की सत्तर वर्षांत हे वळण इतक्यांनी वापरलंय की ते आता कोणा एकाचं राहिलं नाही. सीको, ओरिएंट, कॅसिओ, इन्व्हिक्टा, सगळ्यांची अशी घड्याळं आहेत आणि सगळ्यांवर आपापलं नाव आहे. अशा घड्याळाला होमेज म्हणतात, आणि मॉड हा त्याचाच घरी हाताने केलेला भाऊ.

मॉडचे दोन रस्ते. पहिला म्हणजे एखादं सीको घ्यायचं आणि त्याचं बेझल, काच, काटे, डायल बदलायचं. यासाठी सगळ्यांचं लाडकं होतं १९९६ मध्ये आलेलं एसकेएक्स००७, ते बंद झालं, आता लोक सीको ५ स्पोर्ट्सची नवी मॉडेलं घेतात. दुसरा रस्ता म्हणजे सगळेच पार्ट सुटे आणून घड्याळ उभं करायचं, आणि तेव्हा पोटात बहुतेक वेळा सीकोचंच एनएच३५ मशीन असतं. २४ ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे, तासाला २१,६०० बीट म्हणजे सेकंदकाट्याची सेकंदाला ६ पावलं, फुल चावी दिली की साधारण ४१ तास चालतं, चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो त्यामुळे टाइम सेकंदाबरोबर जुळवता येतो. कंपनीच सांगते की दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढा फरक धरून चाला, प्रत्यक्षात नीट ट्यून केलं तर त्यापेक्षा बरंच चांगलं चालतं. जगभर छोट्या-मोठ्या ब्रँडच्या घड्याळांत हेच मशीन असतं, म्हणून त्याच्या मापाची २८.५ मिलिमीटरची डायलं आणि काटे ढिगाने मिळतात. आपल्याकडे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेस ही चिनी खरेदीची साइट बंद झाल्यापासून पार्ट आणणं जरा अवघड झालंय, देशातले विक्रेते शोधावे लागतात, कस्टम ड्युटी धरावी लागते, पण मिळतात.

आता फर्स्ट कॉपी. हिच्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव असतं, रोलेक्सचा मुकुट असतो, मॉडेल नंबर, सिरियल नंबर, कधी हिरवा डबा आणि वॉरंटी कार्ड पण असतं, आणि हे सगळं खोटं असतं. विकणारा "सेव्हन ए क्वालिटी", "मास्टर कॉपी", "आत स्विस मशीन" असलं काय काय सांगतो, या शब्दांना काहीच मोजमाप नाही. आत कधी बॅटरीचं मशीन निघतं, कधी स्वस्त चिनी ऑटोमॅटिक, महागड्या कॉपीत रोलेक्सच्या ३१३५ मशीनची नक्कल, आणि कधी कधी चक्क तेच एनएच३५ जे मॉडमध्ये असतं. केसही एकाच प्रकारच्या, स्टील एकच, काच पण दोन्हीत सफायर, म्हणजे सहज ओरखडा न पडणारी, असू शकते. म्हणून जे लोक म्हणतात "आतलं मशीन बघितलं की कळतं", त्यांना मी सांगतो की मशीनवरून मॉड आणि कॉपी वेगळी करता येत नाही.

वेगळी होतात ती डायलवरच्या नावावरून. आपण जळगावकर, सोनं आपल्याला नीट कळतं. बेन्टेक्सचा हार बेन्टेक्स म्हणून विकला आणि घेणाऱ्याने हौसेने घातला तर कोणाची काही तक्रार नाही, पण त्याच हारावर ९१६ चा शिक्का मारला की ती फसवणूक झाली, मग कारागिरी कितीही बारीक असो. डायलवरचं नाव हा तो शिक्का आहे. त्यामुळे पोटात अस्सल जपानी सीको मशीन, काच सफायर, काम स्वतःच्या हाताने अगदी जीव लावून केलेलं, आणि डायलवर रोलेक्स छापलेलं, तर ते मॉड नाही, घरी बनवलेली कॉपी आहे. बरेच जण इथे चिडतात, म्हणतात मी विकणार थोडीच आहे, स्वतःसाठी केलंय. पण घड्याळ आपल्यापेक्षा जास्त जगतं, उद्या ते भाच्याकडे जाईल, परवा कोणी ओएलएक्सवर टाकेल, आणि तिथे ते काय म्हणून विकलं जाईल यावर आपला काहीच ताबा नसतो.

कायदा पण नावालाच धरतो. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम १०३ मध्ये खोटा ट्रेडमार्क लावणं आणि कलम १०४ मध्ये तसा माल विकणं किंवा विकायला ठेवणं, दोन्हीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. गोल ठिपके आणि काळं बेझल असलेलं, स्वतःचं नाव असलेलं होमेज मात्र कंपन्या वर्षानुवर्षं उघडपणे विकतायत.

म्हणून मॉडवाले बिननावाचं डायल वापरतात, स्टराइल डायल म्हणतात त्याला, वर काहीच छापलेलं नसतं, किंवा काहीजण स्वतःचं छोटं चिन्ह छापून घेतात. मला बिननावाचंच आवडतं, बाराच्या खाली मोकळी काळी जागा राहते ती फार छान दिसते. आता एक कडू गोष्ट, जी मॉडवाल्यांना ऐकायला आवडत नाही. बाजारात "सीको" छापलेली सुटी डायलं मिळतात जी सीकोने बनवलेलीच नसतात, आणि आत मशीन सीकोचं आहे म्हणून लोक ती बिनधास्त लावतात. माझ्या मते तीही कॉपीच्याच बाजूला जातात. खऱ्या सीकोचं स्वतःचं डायल ठेवून बाकी पार्ट बदलले तर गोष्ट वेगळी.

पाण्याचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे कॉपी सर्वात जास्त खोटं बोलते. खऱ्या सबमरीनरवर ३०० मीटर लिहिलेलं असतं म्हणून कॉपीवर पण ३०० मीटर छापतात, ती फक्त शाई असते, आत रबर रिंग बसवलीय की नाही याची पण गॅरंटी नाही. डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे स्टँडर्ड आहे, त्यात कमीत कमी १०० मीटर लागतं, प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर तपासावं लागतं, आणि अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. अशा घड्याळावर "डायव्हर्स २०० मीटर" असं लिहिता येतं. नुसतं "वॉटर रेझिस्टंट २०० मीटर" असेल तर ते साधं, पाण्याला टिकणारं घड्याळ. एसकेएक्स००७ वर "डायव्हर्स" होतं, सीको ५ स्पोर्ट्सच्या नव्या मॉडेलांवर नाही, त्यांचं १०० मीटर आहे.

पण मॉडवाल्याने पण इथे फार छाती काढू नये. तुम्ही मागचं झाकण उघडलं की कंपनीच्या टेस्टचं काम तिथेच संपलं. झाकणाची रिंग, चावीची रिंग, काचेखालची रिंग, तिन्ही स्वच्छ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं, झाकण नीट कसायचं, आणि मग प्रेशर टेस्ट करायची. हवेच्या दाबाचं छोटं ड्राय टेस्टर असतं, केस दाबाखाली किंचित फुगते-आकसते की हवा आत शिरते ते त्यात कळतं. टेस्ट केली नसेल तर ते घड्याळ हात धुण्यापुरतं समजायचं, विहिरीत उडी मारायला नाही. आणि चोपड्याकडे उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलात तर टेस्ट केलेलं असलं तरी काढून ठेवा, गरम पाण्यात रिंग नरम पडते, धातू आणि रबर वेगवेगळे प्रसरण पावतात, घड्याळ बनवणाऱ्या कंपन्याच गरम पाणी टाळा म्हणून सांगतात.

मॉडची खरी मजा काटे बसवण्यात आहे, ती जरा जवळून सांगतो. आधी चावी फिरवत राहायचं, तारीख टक्कन बदलली की थांबायचं, तीच रात्री बाराची जागा. मग तासकाटा बरोबर बारावर, सपाट, डायलला न घासता. त्यावर मिनिटकाटा, तोही बारावर, दोघांमध्ये केसभर फट दिसली पाहिजे, लूपमधून, म्हणजे घड्याळजीच्या डोळ्याला लावायच्या भिंगातून, आडवं बघायचं. मग सेकंदकाटा, आणि इथे श्वास रोखला जातो, कारण एनएच३५ च्या सेकंदकाट्याची पिन ०.२० मिलिमीटरची असते. ईटीए २८२४ या स्विस मशीनच्या मापाचे काटे घेतले तर तास आणि मिनिट व्यवस्थित बसतात, भोकं १.५ आणि ०.९ मिलिमीटरची, पण सेकंदकाट्याचं भोक ०.२५ चं असतं, तो सैल बसून गळून पडतो, म्हणून ऑर्डर करताना "सीको एनएच" लिहिलेलेच काटे घ्यायचे. डायल तारीखवालं नसेल तर एनएच३८ मशीन घ्या, नाहीतर चावी ओढताना न दिसणाऱ्या तारखेची एक फुकटची क्लिक राहते.

हे सगळं पंखा बंद करून. पंखा लावला की धूळ डायलवर बसते आणि सेकंदकाटा तर उडूनच जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पंखा बंद करून बसणं म्हणजे कपाळाचा घाम सरळ डायलवर, आणि घामाचा डाग काळ्या डायलवरून निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करायचं, नाहीतर डायल-काट्यांचं काम सरळ थंडीपर्यंत पुढे ढकलायचं. श्रावणात हवा दमट असते तेव्हा पण केस बंद करू नये, आतला ओलावा नंतर काचेवर धुकं होऊन दिसतो.

दुरुस्तीला दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. मॉड बिघडलं तर काय बिघडलं ते तुम्हालाच माहीत असतं, आणि अगदीच झालं तर अख्खं एनएच३५ नवीन टाकायचं, त्याच मापाचं, अर्ध्या तासाचं काम. कॉपी घेऊन आमच्या धुळ्याच्या ओळखीच्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलं की ते लूप डोळ्याला लावतात, झाकण उघडतात आणि परत बंद करून हातात देतात, "भाऊ, हाई उघाडीसन काय करू? याना पार्टच भेटत नही." नक्कल मशीनचे पार्ट खऱ्याचे बसतीलच असं नसतं आणि नकलेचे सुटे कोणी ठेवत नाही.

कोणी तुम्हाला "दुबईवरून आणलेलं ओरिजिनल" म्हणून सबमरीनर दाखवत असेल तर दोन-तीन गोष्टी लगेच बघता येतात. मागून काच असून मशीन दिसत असेल तर विषय संपला, सबमरीनरचं झाकण भरीव स्टीलचं असतं. तारखेवरचं भिंग अडीचपट मोठं करतं, बऱ्याच कॉपीत तारीख बारकीच राहते. आणि "सेकंदकाटा सरकत चालतो म्हणजे ओरिजिनल" हे खरं नाही, प्रत्येक ऑटोमॅटिकचा काटा सरकतो. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि एका सेकंदात किती पावलं ते मोजा, ६ आली तर आतलं मशीन रोलेक्सचं नाही, आताच्या सबमरीनरचं मशीन २८,८०० बीटचं म्हणजे सेकंदाला ८ पावलं टाकतं. ८ आली म्हणून खरं असं मात्र नाही, चांगली नक्कल पण ८ टाकते. शेवटी झाकण उघडून जाणकाराने बघितल्याशिवाय लाखाचा व्यवहार करू नका.

याच गोंधळातला तिसरा भाऊ म्हणजे जुन्या एचएमटी आणि सीको ५ ची रंगवून विकलेली घड्याळं, ज्यांना कलेक्टर लोक मुंबई स्पेशल म्हणतात. मशीन जुनं खरं, डायल नव्याने छापलेलं, एचएमटी पायलटच्या नावाखाली तर असली भरपूर फिरतात. मी यांना पण त्याच कसोटीने बघतो. "रिडायल आहे" असं सांगून विकलं तर ठीक, "जुना ओरिजिनल पीस" म्हणून विकलं तर कॉपी.

मॉड विकायचं किंवा कोणाला भेट द्यायचं असेल तर सोबत एक चिठ्ठी द्या. मशीन कुठलं, केस कुठली, डायल कुठल्या मापाचं, काटे कुठले, प्रेशर टेस्ट किती दाबाला आणि कुठल्या तारखेला केली, आणि पहिल्या ओळीत स्पष्ट, "हे मॉड आहे, कुठल्याही कंपनीचं तयार घड्याळ नाही." ती चिठ्ठी घडी करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची, म्हणजे घड्याळ हात बदलत गेलं तरी ती बरोबर जाते.