हॉल अडचणीचा, स्पीकर चांगले: लावण्याआधी वाचा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक आम्ही बिलाला टाचून देतो, पण खरं तर ते बिलाच्या आधी वाचायचं आहे. सुतार अजून घरी आला नसेल तर फारच उत्तम. त्यालाही वाचायला द्या.

बहुतेक घरांत काय होतं? बिल्डरने टीव्हीचा पॉइंट काढून दिलेला असतो. त्याभोवती सुतार युनिट बनवतो, युनिटात ‘स्पीकरला’ म्हणून दोन कप्पे सोडतो, समोर उरलेल्या जागेत सोफा बसतो. स्पीकर सगळ्यात शेवटी येतात, कप्प्यात जातात, आणि आठवड्याभरात आम्हाला फोन येतो की आवाज घुमतो, गाण्यातले शब्दच कळत नाहीत. स्पीकर बदलून हे सुटत नाही. क्रम बदलून सुटतं: आधी तुम्ही कुठे बसणार ते, मग स्पीकर, मग टीव्ही, आणि सगळ्यांनंतर वायरी.

आम्हाला वारंवार भेटणारा एक हॉल इथे नमुन्याला घेतो. पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्यात टू बीएचके म्हटलं की साधारण हाच: १० फूट रुंद, १६ फूट लांब. एका आखूड बाजूला मुख्य दार, समोरच्या आखूड बाजूला बाल्कनीची सरकती काच. एक लांब भिंत सलग, तिच्या दाराकडच्या कोपऱ्यात देवघर किंवा शू-रॅक. दुसरी लांब भिंत अर्ध्यावर संपलेली, तिथून डायनिंग आणि आतल्या खोल्यांकडे पॅसेज.

कोणती भिंत घ्यावी

लांबट खोलीत स्पीकर आखूड भिंतीला लावावेत असा सर्वसाधारण सल्ला आहे, आणि तो बरोबरही आहे. पण इथे एका आखूड बाजूला काच, दुसऱ्या बाजूला दार. काचेला पाठ करून टीव्ही ठेवला तर चित्रामागून ऊन डोळ्यावर येतं, काचेकडे तोंड करून ठेवला तर पडद्यात बाल्कनीतले कपडे दिसतात. म्हणून सलग लांब भिंत टीव्ही-स्पीकरला, आणि सोफा समोरच्या अर्ध्या भिंतीला. दुसरा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मोजमाप. टेप शोधायची गरज नाही. हॉलमध्ये दोन फुटी टाइल असेल तर तीच पट्टी: रुंदी पाच टाइल, लांबी आठ. सोफा मागच्या भिंतीपासून अर्धी टाइल पुढे ओढा. स्पीकरची पाठ आणि भिंत यांत किमान वीतभर जागा सोडा. मग तुमचा कान आणि स्पीकरची रेषा यांत साधारण साडेसहा-सात फूट उरतात. दोन्ही स्पीकर एकमेकांपासून जवळजवळ चार टाइल, म्हणजे साडेसात-आठ फूट दूर ठेवा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण तयार होतो. स्पीकरची तोंडं थोडी आत वळवा, सोफ्यावरून त्यांच्या आतल्या कडा जेमतेम दिसतील इतपत.

सोफा पुढे ओढायचं म्हटलं की घरात कुरबुर होते, कारण मागे केर साठतो. तरी ओढा. १० फुटांवरच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज (बास) अडकून घुमतो, आणि त्याचा जोर भिंतीलगत सगळ्यात जास्त असतो. त्यात छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे फरशी आणि छतामधला खर्ज ५९ हर्ट्झच्या आसपास. दोन्ही एकमेकांना धरून वाजतात, म्हणूनच या मापाच्या हॉलमध्ये ढोलकी-डग्गा एकाच जागी धमधमतो. फूटभर पुढे आल्याने हे जात नाही, कमी होतं. पण भिंतीवरून थेट डोक्यामागे आपटणारा आवाजही सुटा होतो आणि शब्द लगेच स्पष्ट होतात. १०×१० च्या बेडरूममध्ये तर लांबी, रुंदी आणि उंची तिघांचाही सूर जवळजवळ एकच येतो. तिथे मोठे स्पीकर मागू नका, आम्हीच देणार नाही.

एकीकडे कोपरा, दुसरीकडे काच

खरी अडचण ही आहे, आणि बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

देवघराच्या कोपऱ्यात दाबलेल्या स्पीकरचा खर्ज दोन्ही भिंतींच्या आधाराने फुगतो. दुसरा स्पीकर मोकळ्या जागी असेल तर त्याला हा आधार नसतो, आणि काचेशेजारी असेल तर काचेवरून चरचरीत उंच सूर परत येतात. दोन्ही स्पीकर एकाच खोक्यातून निघालेले, पण एक जाड गातो, दुसरा किरटा. मधोमध असायला हवा तो गायक कोपऱ्याकडे सरकतो.

पहिला उपाय फुकट आहे. भिंत आठ टाइलची, तुमचा त्रिकोण चार टाइलचा. म्हणजे दोन्ही टोकांना दीड टाइल तरी सोडता येते. संपूर्ण त्रिकोण, सोफ्यासकट, भिंतीच्या बाजूने सरकवा, दोन्ही स्पीकर आपापल्या शेजारच्या अडथळ्यापासून तीन फूट सुटेपर्यंत. तो भिंतीच्या बरोबर मध्यावर यायलाच हवा असं नाही. टीव्हीचा पॉइंट मध्यावर असेल आणि त्रिकोण नसेल, तर टीव्ही सरकवा. पॉइंट टीव्हीमागे झाकला गेला म्हणजे झालं, तो टीव्हीच्या बेंबीशी यायला हवा असा नियम कुठेही नाही.

तेवढी जागा नसेल तर दुसरा उपाय. सोफ्यावर तुम्ही बसा आणि घरातल्या कुणाला तरी हातात आरसा धरून शेजारच्या भिंतीच्या कडेने चालायला सांगा. आरशात ज्या जागी तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. त्या जागी पुस्तकांचं कपाट, किंवा निदान जाड पडदा. काचेला दुहेरी चुण्यांचा जाड पडदा लावा आणि ऐकताना ओढून घ्या. सोफा आणि स्पीकरच्या मधल्या फरशीवर सतरंजी किंवा गालिचा अंथरा. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने खर्ज हलत नाही, पाहुणे मात्र हसतात.

ॲम्प्लिफायरवरचा बॅलन्सचा खटका हा तिसरा उपाय, आणि तो शेवटीच. त्याने एका बाजूचा आवाज कमी-जास्त होतो, फुगलेला खर्ज तसाच राहतो.

जमलं का, हे कसं कळेल? पन्नास-साठच्या दशकांतलं एखादं जुनं मोनो गाणं लावा. मोनो म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज. डोळे मिटून ऐका. गळा दोन स्पीकरच्या मधोमध, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकला तर त्रिकोण अजून सरकवायचा आहे. तो कुठेच उभा राहत नसेल आणि खर्जही गेला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल ॲम्प्लिफायरपासून सोडवलेल्या वायरीला क्षणभर लावून पाहा: सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाकडे असताना बहुतेक स्पीकरचा मोठा पडदा पुढे येतो. मुख्य म्हणजे दोघांचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत.

युनिट आधीच झालं असेल आणि कप्प्याशिवाय गत्यंतर नसेल, तर स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेला आणा, तोंड इंचभर बाहेर. मागे भोक असलेला स्पीकर असेल तर त्या भोकात फोमचं बूच घाला. फोम नसेल तर गुंडाळलेला स्वच्छ पायमोजा चालतो, आम्ही थट्टा करत नाही.

टीव्ही

यात फार खल नको. ५५ इंची टीव्ही सुमारे ४ फूट रुंद असतो, तो आठ फुटी त्रिकोणात दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडून नीट बसतो. साडेसात-आठ फुटांवरून बघायला हाच आकार बरा. मोठा घेतलात तर दोन्ही बाजूंची मोकळी जागा कमी होते. पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर. फोटोफ्रेमसारखा वर टांगलेला टीव्ही दुकानात शोभतो, घरी मान दुखते. स्पीकरचा वरचा छोटा पडदा कानाच्या उंचीला, सोफ्यावर म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास. भारतीय बैठक असेल तर दोन्ही मापं पाऊण फुटाने खाली आणा.

भिंत कसली आहे ते ड्रिल लावण्याआधी सांगा. जुन्या विटेच्या भिंतीत साधा फास्टनर धरतो. सिपोरेक्स, म्हणजे हलक्या ब्लॉकच्या भिंतीत भोकच भुसभुशीत होऊन तो सुटतो, तिथे वेगळे लांब अँकर लागतात.

वायरी

स्पीकरला शुद्ध तांब्याची, अनेक बारीक तारांची, १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरची वायर. १० मीटर अंतराला १.५ ची वायर जाऊन-येऊन पाव ओहमच्या आसपास अडथळा करते, २.५ ची साधारण ०.१५ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही चालतात, ४ ओहमच्याला २.५ चीच घ्या. याहून महाग वायरी आमच्या कपाटातही आहेत, त्या आम्ही आपणहून सुचवत नाही. एवढं मात्र बघा: बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर तांब्याच्या नावाने विकली जाते. बंडल हाताला हलकं लागतं, आणि सुरीने तार खरवडली की आतून चंदेरी दिसते.

भिंतीत पाइप टाकून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. तो सवयीने पाऊण किंवा एक इंची कंड्यूट टाकतो. त्यातून एचडीएमआयचं डोकं एकतर जातच नाही, किंवा सरळ भागात कसंबसं जातं आणि बेंडपाशी अडकतं. दीड-दोन इंची पाइप, बेंड मोठ्या वळणाचे, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची, म्हणजे पाच वर्षांनी वायर बदलताना भिंत फोडावी लागत नाही. घर मायवानचं असेल, म्हणजे सगळ्या भिंती काँक्रीटच्या, तर झिरी मारू नका. आत सळ्या असतात, आणि सोसायटीही परवानगी देत नाही. स्कर्टिंगच्या कडेने केसिंग-कॅपिंगची पट्टी लावा आणि भिंतीच्याच रंगाने रंगवा.

४के चित्रासाठी साधी एचडीएमआय पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे फायबरवाली घ्या, पण तिला दिशा असते: एक टोक यंत्राचं, दुसरं टीव्हीचं. उलटी ओढली गेली तर चित्र येत नाही, म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर जोडून बघा. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला न्यायचा असेल तर टीव्हीवर ज्या खाचेशेजारी ‘एआरसी’ लिहिलं आहे तीच वापरा. जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल तर ऑप्टिकल वायर आणि मध्ये एक छोटा डीएसी (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला कळेल असा करून देणारी डबी), आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ वर. हे शेवटचं विसरल्यामुळे ‘डीएसी बिघडला’ म्हणून परत घेऊन येणारे बरेच असतात.

विजेच्या वायरी आणि आवाजाच्या वायरी यांत फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

हमिंग येत असेल तर

हमिंग म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण. केबल टीव्हीची किंवा डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. हमिंग थांबलं तर दोष त्या वायरीच्या वेगळ्या अर्थिंगमध्ये आहे, मध्ये एक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोड तोडणारा छोटा जोड) लागतो. थांबलं नाही, आणि फक्त लाइट गेल्यावर येत असेल, तर साधा स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर कारण असू शकतो. कुणी थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाकायला सांगेल. हमिंग जाईलही. पण ती अर्थिंगची पिन आहे, तिच्यावर तुमचा जीव आहे. ती काढलेल्या ॲम्प्लिफायरला आमचा माणूस हात लावणार नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा.

गणपतीचे दिवस

मखर नेमकं स्पीकरच्या जागी येतं, हे गृहीत धरून आम्ही वायर दोन-तीन फूट ढिली सोडतो आणि टोकांना बनाना प्लग लावतो, म्हणजे परत जोडताना लाल-काळ्याचा घोळ होत नाही. स्पीकर हलवण्याआधी टाइलवर त्याच्या चारही कोपऱ्यांना रंगीत टेपच्या खुणा करा. कोकणात, समुद्राजवळ घर असेल तर याच वेळी वायरींची टोकं बघून घ्या. हिरवट झाली असतील तर अर्धा इंच कापून नव्याने सोला.

आम्हाला बोलावण्याआधी

वहीच्या पानावर हॉलचा आराखडा काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. सुबक नको, मापं हवीत: दोन्ही लांबी-रुंदी, छताची उंची, खिडक्या, टीव्हीचा पॉइंट जमिनीपासून किती, भिंत कसली, टाइल किती फुटी. सोबत प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून समोरच्या कोपऱ्याचा एकेक फोटो, पसारा न आवरता. तुम्ही रोज नेमके कुठे बसता तिथे फुली मारा, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते बाणाने दाखवा.