चंद्राची कोर आणि चंद्रग्रहण: सावली नेमकी कुणाची?

चंद्राची कोर का दिसते, असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, ‘चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ पुष्कळ मोठी माणसंही हेच सांगतील. उत्तर चुकीचं आहे, पण अगदीच हवेतलं नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर खरोखर पडते, मात्र ती पडली की ग्रहण होतं. रोजच्या कलांशी त्या सावलीचा काडीचाही संबंध नाही.

आधी कला घेऊ. चंद्र स्वयंप्रकाशी नाही. सूर्याकडे तोंड असलेला त्याचा अर्धा गोल उजळलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर रात्र असते. महिनाभर हे असंच चालू राहतं. बदलतं ते एवढंच की, उजळलेल्या अर्ध्यापैकी किती भाग आपल्या बाजूला आहे. अमावस्येला चंद्र सूर्याच्याच दिशेला असल्यामुळे त्याची काळोखी बाजू आपल्याकडे असते. मग तो सूर्यापासून रोज साधारण १२ अंश पूर्वेकडे सरकत जातो, आधी बारीक कोर, मग अर्धा, मग पौर्णिमेला पूर्ण दिसतो, आणि पुन्हा उतरणीला लागतो. या फेऱ्याला सुमारे २९.५ दिवस लागतात. कोरीशेजारचा काळा भाग म्हणजे चंद्रावरचीच रात्र.

खात्री करायची असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारी चारच्या सुमाराला आकाशात बघा. सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो आणि अर्धा चंद्र पूर्वेकडून बराच वर चढलेला असतो. सावली नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडते, म्हणजे त्या वेळी पृथ्वीची सावली पूर्वेच्या क्षितिजाखाली गेलेली असते. चंद्र तिच्यापासून तब्बल ९० अंश दूर आहे आणि तरीही अर्धाच दिसतोय! माझ्या मते सावलीचा गैरसमज घालवायला एवढं एक निरीक्षण पुरेसं आहे.

उलट, बारीक कोर असते त्या दिवसांत उरलेला चंद्रही अंधुक राखाडी दिसतो. तो उजेड पृथ्वीवरून परावर्तित होऊन तिथे पोचलेला असतो. म्हणजे कोरीच्या वेळी पृथ्वी चंद्राला सावली नाही, प्रकाश देत असते.

आता ग्रहण. सूर्य आणि चंद्र यांच्या मधोमध पृथ्वी आल्याशिवाय चंद्रग्रहण होत नाही, म्हणून ते फक्त पौर्णिमेलाच होतं. मग दर पौर्णिमेला का होत नाही? इथे पुस्तकातल्या आकृत्या घोटाळा करतात. पानाच्या रुंदीत बसवायचं म्हणून चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटवलेला असतो, आणि सगळं एकाच पातळीत काढलेलं असतं. खरं प्रमाण धरून पाहा. टेबलावर कागद पसरा आणि पृथ्वीसाठी १ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. चंद्र जेमतेम पाव सेंटिमीटरचा होईल आणि पृथ्वीपासून ३० सेंटिमीटरवर असेल. त्या अंतरावर पृथ्वीच्या दाट सावलीची, म्हणजे प्रच्छायेची रुंदी असेल फक्त ०.७ सेंटिमीटर. हा कागद म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती पातळी, म्हणून तिची सावलीही कागदातच पडते. चंद्राची कक्षा मात्र कागदाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. त्यामुळे पौर्णिमेचा चंद्र त्या चिंचोळ्या सावलीच्या अडीच सेंटिमीटर वरून किंवा खालूनही जाऊ शकतो. इतकी जागा असल्यावर सावली चुकणं हेच नेहमीचं आणि तिच्यात सापडणं हे विरळ.

चंद्राची कक्षा आपल्या या कागदाला दोन ठिकाणी छेदते. हे झाले पातबिंदू; भारतीय ज्योतिर्गणितातले राहू आणि केतू ते हेच. पौर्णिमा यांच्यापैकी एकाजवळ घडली तरच ग्रहण लागतं, आणि असा काळ साधारण सहा महिन्यांनी येतो.

नुसत्या डोळ्यांनीही दोन्हींतला फरक ओळखता येतो. कोर असो वा अर्धचंद्र, उजळ भागाची दोन टोकं नेहमी चंद्राच्या बरोब्बर समोरासमोर असतात. ती जोडणारी रेघ चंद्रबिंबाच्या मध्यातून जाते. खंडग्रास ग्रहणात तसं घडेलच असं नाही. शिवाय ग्रहणातल्या सावलीची कड कायम मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते, कारण चंद्राच्या अंतरावर प्रच्छाया चंद्राच्या अडीच पटींहून रुंद आहे. अशी गोल सावली चंद्राला सरळ रेघेत मधोमध कापू शकत नाही. अष्टमीचा चंद्र मात्र तसाच कापल्यासारखा दिसतो. याच गोल कडेवरून ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचं मांडलं होतं. वेगातही फरक आहे: कला बदललेली कळायला एक दिवस लागतो, ग्रहणात तासाभरात चित्र पालटतं.

खग्रास ग्रहणात चंद्र काळा होत नाही, तांबूस होतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणात खग्रास स्थिती सुमारे ८२ मिनिटं टिकली आणि तेवढा वेळ तो तांबूस दिसत राहिला. पृथ्वीच्या वातावरणातून जाताना सूर्यकिरण वाकतात, निळा प्रकाश वाटेत विखुरतो आणि उरलेला लालसर प्रकाश सावलीत शिरून चंद्रापर्यंत पोचतो. म्हणून ग्रहणाचा रंग पृथ्वीच्या हवेवर ठरतो. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये फुटला. त्याच्या उद्रेकातून वर गेलेले सूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरात अजून तरंगत होते, त्यामुळे डिसेंबर १९९२ च्या खग्रास ग्रहणात चंद्र फारच काळपट दिसला.