माहितीच्या पानावर गल्ला कसा बसला : वर्डप्रेसवरच्या दुकानाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या चप्पल, साज, गूळ, मसाल्याच्या कितीतरी दुकानांची वेबसाइट आधी ओळखीपुरती असते. दुकानाचा फोटो, दोन परिच्छेद माहिती, फोन नंबर, नकाशा. खरेदीचे बटण मागून येते आणि त्याच्याबरोबर तक्रारी येतात. पुण्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे कापले जातात, पण ऑर्डर रद्द दिसते. बिलावर सीजीएसटी (केंद्राचा कर) लागतो, एसजीएसटी (राज्याचा) लागतच नाही. सगळा दोष प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरच्या) माथी मारला जातो, पण कारण जुने आहे. ज्या यंत्रणेवर, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर, हे दुकान चढवले, ती एकच मजकूर सगळ्या वाचकांना सारखा दाखवण्यासाठी बनली होती. दुकानाला प्रत्येक गिऱ्हाईक वेगळे ओळखावे लागते, त्याने काय उचलले ते लक्षात ठेवावे लागते आणि पैशाचा हिशेब पैशापर्यंत जुळावा लागतो. गेल्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक सुधारणा ही फट बुजवण्यासाठी झाल्या.

दुरून माल मागवण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याची व्हीपीपी १८७७ पासूनची. पार्सल हातात घेताना पोस्टमनकडे पैसे द्यायचे आणि ते टपाल खात्याने विक्रेत्याकडे पोचवायचे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली तेव्हा लोकांना ती चटकन पटली, कारण माल बघून पैसे देण्याची रीत अंगवळणी पडलेलीच होती. वेबपुढचा प्रश्न वेगळा होता. ब्राउझरने एक पान मागितले, सर्व्हरने दिले, की त्या दोघांची ओळख तिथेच संपायची. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी तयार केली, ती खरेदीची टोपली पुढच्या पानावर गेल्यावरही लक्षात राहावी म्हणूनच. पुढच्या वर्षी नेटस्केपने एसएसएल आणले आणि कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी सोय झाली.

२००० मध्ये जर्मनीत ओएसकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे सॉफ्टवेअर सुरू झाले. फुकट आणि मुक्त असल्याने ते भराभर पसरले, पण ते निव्वळ दुकान होते. मजकुराची साइट एका फोल्डरमध्ये, दुकान दुसऱ्यात, लॉगिन दोन, रूप दोन. साइटचे रंग बदलले की दुकान जुन्याच रंगात राहायचे. मजकुराच्या साइट चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणांनाही दुकाने जोडली गेली. मांबो आणि पुढे जूमलासाठी व्हर्च्युमार्ट आले, द्रुपलसाठी उबरकार्ट आणि २०११ मध्ये द्रुपल कॉमर्स. मोठे वळण मात्र वर्डप्रेसवर मिळाले.

वर्डप्रेस मे २००३ मधले, रोजनिशीवजा लेखनासाठी बनवलेले. २००४ च्या १.२ आवृत्तीत प्लगइनची सोय आली आणि २००६ मध्ये डब्ल्यूपी ई-कॉमर्स हे दुकानाचे प्लगइन निघाले. जून २०१० च्या ३.० आवृत्तीने लेख आणि पान यांखेरीज स्वतःचा नवा प्रकार घडवणे सोपे केले. 'उत्पादन' हा असाच एक प्रकार झाला. २०११ मध्ये जिगोशॉप हे आणखी एक दुकानाचे प्लगइन आले. त्याच्या दोन विकासकांना वर्डप्रेससाठी थीम बनवणाऱ्या वूथीम्स या कंपनीने आपल्याकडे घेतले, त्याच्या कोडची वेगळी शाखा काढली आणि २७ सप्टेंबर २०११ रोजी वूकॉमर्स हे प्लगइन प्रसिद्ध झाले. मे २०१५ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने वूथीम्स विकत घेतली.

त्या आरंभीच्या निर्णयाची किंमत पुढे बारा वर्षे मोजावी लागली. उत्पादन लेखाच्या तक्त्यात ठेवले तसे ऑर्डरलाही तिथेच बसवले. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, पिन, रक्कम, कर, प्रत्येक तपशील वेगळ्या ओळीत, आणि त्या ओळी लेखांच्या माहितीतच मिसळलेल्या. एका ऑर्डरमागे डझनावारी ओळी. काही हजार ऑर्डर झाल्या की यादी उघडायला वेळ लागतो, फोन नंबरने शोधताना पान अडकते. ऑक्टोबर २०२३ च्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत ऑर्डरसाठी स्वतंत्र तक्ते आहेत. जुन्या दुकानात ते आपण होऊन चालू करावे लागतात. आधी पूर्ण बॅकअप, मग दोन्ही तक्ते जुळते ठेवण्याची सोय चालू, सगळ्या ऑर्डर पलीकडे गेल्या की नव्याची निवड. घाई केली तर कुरिअरचे किंवा बिलाचे जुने प्लगइन लेखाच्या तक्त्यात ऑर्डर शोधत बसते आणि पावती कोरी निघते. पुढच्याच महिन्यात, ८.३ मध्ये, नव्या दुकानांत चेकआउटचे (पैसे भरण्याचे) पान ब्लॉकचे, म्हणजे तयार तुकडे मांडून बनवलेले, झाले. ज्या पेमेंट प्लगइनने त्याला आधार दिलेला नाही, तो पर्याय तिथे दिसतच नाही. प्लगइन अद्ययावत होईपर्यंत जुन्या शॉर्टकोडचे (कंसातल्या कोडशब्दाने येणारे) चेकआउट ठेवणे हाच उपाय.

कॅशेचे दुखणेही त्याच मुळाचे. मजकुराचे पान एकदा तयार करून हजारांना देणे ही कॅशेची ताकद, आणि दुकानात तीच घातक. कार्ट, चेकआउट आणि माझे खाते ही तीन पाने कॅशेतून वगळलेली नसतील तर एकाची टोपली दुसऱ्याला दिसू शकते, किंवा वस्तू टाकूनही टोपली रिकामी राहते. प्लगइनमध्ये वगळणे पुरेसे नाही. होस्टिंगची आणि सीडीएनची (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पाने पुरवणाऱ्या सेवेची) कॅशे वेगळी असते, तिथेही तपासावे.

पैशाच्या बाबतीत भारताचा रस्ता निराळा आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. म्हणजे गिऱ्हाईक दुकानाच्या पानावरून बँकेच्या पानावर जाणार आणि परत येणार. त्या ये-जा मध्ये नेट तुटले की ऑर्डर अधांतरी. परदेशी प्लगइनांबरोबर आलेले पेपॅल इथल्या देशांतर्गत विक्रीला १ एप्रिल २०२१ पासून बंदच आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि ये-जा आणखी वाढली, कारण पैसे आता दुसऱ्याच ॲपमध्ये दिले जातात. गिऱ्हाईक तिथे 'यशस्वी' बघते आणि फोन खिशात टाकते. दुकानाच्या पानावर ते परत येतच नाही. वूकॉमर्समध्ये माल अडवून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटे असते. तेवढ्यात पैसे मिळाल्याचे कळले नाही तर ऑर्डर आपोआप रद्द होते. पैसे गेटवेकडे (पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थ सेवेकडे), ऑर्डर रद्द, गिऱ्हाईक संतापलेले.

इलाज वेबहुकचा. गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला निरोप देतो, गिऱ्हाईक परत येवो न येवो. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचा पत्ता आणि गुप्त शब्द भरायचा, तोच शब्द प्लगइनमध्ये. चाचणीचा आणि प्रत्यक्षाचा शब्द वेगळा असतो. दुकान चालू करताना चाचणीचा तसाच राहिला की निरोप येतात आणि नाकारले जातात. सुरक्षेचे प्लगइन बाहेरून आलेली विनंती अडवत नाही ना, हेही पाहावे. खरी परीक्षा म्हणजे १ रुपयाची ऑर्डर टाकायची, यूपीआयने पैसे द्यायचे आणि ब्राउझर लगेच बंद करायचा. दोन मिनिटांत ऑर्डर 'प्रोसेसिंग' झाली तर जोडणी पक्की.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेरच्याला आयजीएसटी. वूकॉमर्स एका प्राधान्यक्रमातला एकच दर लावते. म्हणून ५ टक्के कराच्या मालाला महाराष्ट्रासाठी २.५ टक्क्यांच्या दोन ओळी लिहिताना एकीला प्राधान्य १ आणि दुसरीला २ द्यावे लागते. दोन्हींना १ दिले की अर्धाच कर लागतो आणि बाकीचा दुकानदाराच्या खिशातून जातो. चपलेचे दर तर सारखे बदलले. १ जानेवारी २०२२ पासून १००० रुपयांपर्यंतच्या जोडीला १२ टक्के, त्यावर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंत ५ टक्के, त्यावर १८. म्हणून दोन करवर्ग हवेत आणि सवलतीचा सेल लावला की कोणती जोडी २५०० च्या खाली उतरली ते बघायला हवे. पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानाला परराज्यात माल विकता येत नाही. त्याने दुकानाचा पल्ला महाराष्ट्रापुरताच ठेवावा.

पाठवणीचे विभाग वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळेल तो लागू होतो. शहरात मोफत पोच द्यायची म्हणून पिनच्या जागी ४१६ आणि तारांकन लिहिणारे अनेक आहेत. त्या अंकांत सांगली येते, सिंधुदुर्गही येते, आणि सावंतवाडीची पेटी फुकट जाते. ४१६००१ पासूनचे शहरातले पिन एकेक लिहून तो विभाग सर्वात वर ठेवावा. कुरिअर वजनाबरोबर आकारही मोजते. ३२ × २० × ११ सेंटिमीटरच्या चपलेच्या खोक्याचा हा गुणाकार ५००० ने भागला की १.४ किलो होतो, आतली जोडी किलोच्या आत असली तरी. उत्पादनात मोठा आकडाच भरावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. पोच किती दिवसांत हे सांगणारी ओळ सेटिंगमध्ये एकाच जागी असली, तर अशा वेळी ती लगेच बदलता येते.

साठ्याचे गणित दुकानाच्या काउंटरवर बिघडते. महाद्वार रोडवर सात नंबरची शेवटची जोडी हातोहात गेली, साइटला त्याचा पत्ता नाही. टोपलीत टाकल्याने माल अडत नाही, हेही कितीजणांना ठाऊक नसते. सोपा मार्ग म्हणजे साइटसाठीचा माल वेगळ्या कपाटात, तेवढाच आकडा साइटवर.

उत्पादनांना मराठीत नावे दिलीत तर आणखी एक अडचण येते. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला २०० अक्षरांची जागा देते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे ९ अक्षरे खाते. 'कोल्हापुरी कापशी चप्पल' जेमतेम मावते, चौथा शब्द तुटतो. नाव मराठीतच ठेवावे, पत्ता हाताने रोमन लिपीत लिहावा. ऑर्डरचा मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० अक्षरांनंतर दुसऱ्या संदेशाचे पैसे घेतो, आणि त्याचा साचा डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या संदेश-नोंदणी यंत्रणेवर) आधी मंजूर झालेला असावा लागतो.

२३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी स्वतःच्या साइटवरून विकणाऱ्यालाही तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क दाखवणे बंधनकारक केले. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण ठेवता येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. गुळाला २०१४ मध्ये. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये अशाच चपला दाखवल्या, त्या शोनंतर या चपलेचा शोध घेणारे वाढले असतील, तर त्यांना उत्पादनाच्या पानावर कारागिराचे गाव, चामड्याचा प्रकार आणि मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता असल्यास नोंदणी क्रमांक मिळायला हवा. वूकॉमर्समध्ये ही माहिती वर्णनात कोंबू नये, गुणधर्म म्हणून भरावी. मग कापशी, पुकरी, बक्कलनाळी अशा चपलेच्या प्रकारांनुसार गाळणी लावता येते आणि तीच माहिती पावतीवरही उतरवता येते.