सही १९७४ची, अंमल २०१५चा : भारत-बांगलादेश छिटमहालांची पार्श्वभूमी

भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेचा विषय निघाला की आपल्याकडे घुसखोरी आणि तारेचं कुंपण यांवरच बोलणं होतं. या सीमेवर ५० हजारांहून अधिक माणसं जवळपास सात दशकं कोणत्याच देशाची नसल्यासारखी जगली, हे फारसं कुणाच्या गावी नसतं.

चारही बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या गावांना तिकडे छिटमहाल म्हणतात. याचं मूळ मुघल आणि आजच्या पश्चिम बंगालमधलं तेव्हाचं कूचबिहार राज्य यांच्यातल्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तहात आहे. लढाई थांबली तेव्हा ज्याच्या ताब्यात जे गाव होतं, ते त्याच्याकडेच राहिलं. पुढे कूचबिहार संस्थानची गावं शेजारच्या रंगपूर जिल्ह्यात आणि रंगपूरची कूचबिहारात, अशी सरमिसळ तशीच चालू राहिली. येणंजाणं मोकळं होतं, तोवर त्याचा कुणाला जाच नव्हता.

१९४७ साली रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेलं. कूचबिहार १९४९ मध्ये भारतात विलीन झालं. विलीनीकरणावर सही करणारे महाराज जगद्दीपेंद्र नारायण हे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांचे चिरंजीव. त्या सहीनंतर जुन्या महसुली हद्दी आंतरराष्ट्रीय सीमा ठरल्या. १९५२ मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला आणि छिटमहालातल्या माणसाची पुरती कोंडी झाली. व्हिसा काढायचा तर आधी परक्या देशातून, म्हणजे बेकायदा, शहर गाठायला हवं. दहाला खागराबारी या ठिकाणी तर भारताचं एक तागाचं शेत बांगलादेशाच्या गावात, ते गाव भारताच्या छिटमहालात आणि तो छिटमहाल पुन्हा बांगलादेशात होता.

तोडगा काढायचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. १९५८ मध्ये पंतप्रधान नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्या करारात अदलाबदल ठरली, पण पश्चिम बंगालमधल्या बेरुबारी या भागाच्या वाटणीवरून पश्चिम बंगाल पेटला. भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, असं मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिलं. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी नवा सीमा करार केला. बांगलादेशाने त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त केली. आपल्याला त्यासाठी ४१ वर्षं लागली. सरकारं बदलली, कोर्टकज्जे झाले, ‘भारताची जमीन जास्त जाते’ हा आक्षेप दर वेळी आडवा आला. आकडा खराच होता : १७ हजार एकरांहून अधिक जायची होती, सात हजारांच्या आसपास मिळायची होती. पण जाणाऱ्या जमिनीवर भारताचं ना पोलीस ठाणं होतं, ना शाळा, ना दवाखाना. जिथे कारभारच पोचत नव्हता, त्या जमिनीच्या हिशेबापायी माणसं अडकवून ठेवणं हा अन्यायच होता.

कूचबिहारमधल्या मशालडांगासारख्या बांगलादेशी छिटमहालात मुलाला भारतीय शाळेत घालायचं तर शेजारच्या गावातल्या एखाद्या भारतीयाचं नाव बाप म्हणून लावावं लागे. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणाऱ्या बाईलाही असाच परका नवरा कागदोपत्री दाखवावा लागे. अशा कागदांवर वाढलेली एक पिढी तिथे आहे.

२०११ मध्ये मनमोहन सिंग यांच्या ढाका दौऱ्यात पूरक करार झाला. त्याच वर्षीच्या संयुक्त शिरगणतीत ५१ हजारांवर लोक मोजले गेले. मे २०१५ मध्ये संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ छिटमहाल ज्या देशाने वेढले होते त्या देशात सामील झाले. नागरिकत्व निवडायची मुभा होती. बांगलादेशातल्या छिटमहालांतून हजाराच्या आतबाहेर लोक भारतात आले; भारतातल्या छिटमहालांतून तिकडे कुणीच गेलं नाही.

भारताने वेढलेलं बांगलादेशाचं दहाग्राम-आंगरपोता मात्र या अदलाबदलीत नव्हतं. १९७४ च्या करारानुसार ते बांगलादेशाकडेच राहिलं आणि तिथे जायला भारताने १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद तीन बिघा पट्टा कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायचा ठरला. तो प्रत्यक्ष खुला व्हायला १९९२ उजाडलं, तेही दिवसाच्या ठरावीक तासांपुरता. चोवीस तास ये-जा २०११ पासून सुरू झाली.