तुमची गोणी परत का आली?

मालवण, तारकर्ली, देवबाग फेरीवरच्या निवास-न्याहारी, हॉटेल, खानावळ, मासळी व्यापारी आणि होडीमालक ग्राहकांसाठी

तुमच्याकडचा प्लास्टिक, पुठ्ठा, पाकिटं असा सुका कचरा आम्ही गोणीने नेतो. सीझन सुरू झाला की आमच्या फोनवर एकच तक्रार: "तुमची गाडी येऊन गेली, पण आमची गोणी दारातच ठेवून गेली." गाडीवरचा मुलगा घाईत असतो, तो नीट सांगत नाही. तुमच्याकडचा मुलगा त्याहून घाईत, तो नीट ऐकत नाही. संध्याकाळी वाद मात्र तुमच्या-आमच्यात होतो. म्हणून हे पत्रक छापलं आहे. काउंटरवर ठेवू नका, मोरीशेजारी चिकटवा. गोणी ज्याच्या हाताने भरली जाते त्याने वाचलं तर उपयोग.

गोणी परत आली, म्हणजे गाडीने न उचलता ठेवली, की समजा ती ओली होती. दुसरं कारण क्वचितच असतं.

ओली म्हणजे काय

पावसात भिजलेली गोणी आम्ही नेतो, ती शेडमध्ये पसरली की वाळते. परत येते ती आतून ओली झालेली. पार्सलचा डबा, तळाला दोन पळ्या रस्सा आणि वरून घट्ट झाकण, असा एक डबा पुरतो. गाडीत गोणीवर गोणी पडते, झाकण उडतं आणि रस्सा खाली झिरपतो. वाटेतला पुठ्ठा तो पिऊन घेतो, उरलेला दुधाच्या पिशव्यांच्या घड्यांत आणि वेफर्सच्या पाकिटांत शिरतो. इथल्या हवेत दुसऱ्या दिवशी गोणी उघडली की आत अळ्या वळवळत असतात. आमच्या शेडवर निवडायचं काम बायका करतात. त्या कामाला कचरत नाहीत, पण सडलेल्या कोलंबीच्या सालांत हात घालून पाकिटं वेगळी करा, असं त्यांना सांगायचं आम्ही बंद केलं आहे. त्यातच तिसऱ्यांच्या शिंपल्या असल्या तर हातमोजे फाटतात आणि पाठोपाठ हात.

निवडलेल्या मालाची गासडी बांधून रीसायकलच्या कारखान्यात जाते. तिथला माणूस गासडीत हात घालून बघतो. ओल लागली तर वजनात कपात, वास आला तर ट्रक परत, भाडं आमच्या डोक्यावर. त्याचंही चुकत नाही. बाटल्या-डब्यांचा तो चुरा करतो आणि कॉस्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतो. तेल जितकं जास्त तितका सोडा, पाणी आणि जळण जास्त. तुमच्याकडे दोन पळ्या वाचतात त्या अशा पुढे महाग पडतात.

मग धुवायचं किती?

साबण नको. नवं पाणीही नको. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या माणसाला पार्सलचे डबे घासा म्हणण्याइतके आम्ही वेडे नाही. डब्यातलं उरलेलं ओल्या कचऱ्याच्या बादलीत झटकायचं, भांडी विसळलेल्या शेवटच्या पाण्यात डबा एकदा बुचकळायचा आणि रात्रभर पालथा घालायचा, एवढंच. हळदीचा पिवळा डाग जात नाही म्हणून पुष्कळ जण फोन करतात. तो तुम्ही कितीही घासलात तरी जाणार नाही, आणि आम्हाला त्याचं काही नाही. डाग चालतो, रस्सा चालत नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो इवलासा त्रिकोण मोरीतून गटारात आणि गटारातून वहाळात (ओढ्यात) जातो. तो परत कुणाच्याच हाताला लागत नाही. पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याने लावली की तासाभरात कोरडी.

पाण्याची बाटली पूर्ण रिकामी करा, चेपा आणि झाकण परत लावा. झाकण वेगळं द्यायचं का, असं बरेच जण विचारतात. नको. कारखान्यात चुरा पाण्यात टाकला की बाटलीचा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो, ते आपोआप वेगळं होतं. सुटी झाकणं मात्र गोणीच्या विणीतून गळतात. चिवल्याच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) सकाळी फिरून बघा, काय सापडतं ते.

"घेऊन जायला काय होतं? पैसे तर देतोच"

हे आम्हाला तोंडावर ऐकवलं जातं, म्हणून उत्तर देतो. ओली गोणी उचलली तर गाडीतल्या बाकीच्या चांगल्या गोण्याही नासतात. ज्याने डबे पालथे घातले त्याच्या मेहनतीवर शेजाऱ्याचा रस्सा सांडणं आम्हाला पटत नाही. त्यामुळे गाडीवरच्या मुलाला आमची सूचना पक्की आहे: गोणी दाबून बघ, आतून ओल लागली तर लाल चिठ्ठी लाव आणि ठेव. तो उद्धटपणा करत नसतो. चिठ्ठी लागलेली गोणी उपसून, वाळवून पुढच्या फेरीला दिलीत तर जादा आकार नाही.

परत आलेल्या गोणीचं पुढे काय होतं, तेही आम्ही बघतो. कधी ती मागे माडाच्या आळ्यात पेटवली जाते, कधी वहाळाच्या काठावर जाऊन बसते. मग जूनचा पहिला जोराचा पाऊस येतो. वहाळ कर्लीच्या खाडीला मिळतो, खाडी देवबागच्या संगमावर समुद्राला. पावसाळी लाटा त्यातलं बरंच किनाऱ्यावर आणून टाकतात. ऑक्टोबरात पहिले पर्यटक येण्याआधी पुळण साफ करायला माणसं लावता, ती मजुरी ह्याच गोणीची.

समुद्रातलं प्लास्टिक जहाजं टाकतात असं म्हणून हात झटकायला आपल्याला आवडतं. जहाजंही टाकतात, पण मोठा वाटा जमिनीवरून जातो. २०१० या एका वर्षात जगभरच्या किनारी देशांतून ४८ ते १२७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेवढा मोठा आकडा डोक्यात मावत नाही, पण त्यात तुमच्या-आमच्या मोरीचा भाग आहे हे समजायला तो मावायची गरज नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, म्हणून तर स्नॉर्केलिंगचा धंदा चालतो. पाण्यात तोंड घातल्यावर पाहुण्याला माशाआधी पन्नी दिसली, तर तो तसंच इंटरनेटवर लिहितो.

"भंगारवाला पैसे देतो, तुम्ही उलटे आमच्याकडून घेता"

बरोबर आहे. भंगारवाला बाटल्या, पुठ्ठा, पत्रा घेतो, कारण त्यांना भाव आहे. सॉसच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूचे सॅशे, बिस्किटांची वेष्टनं तो घेत नाही. समुद्रात जास्त करून हेच जातं, कारण ते उचलायला कुणालाच परवडत नाही. आम्ही ते उचलतो आणि बाटल्यांच्या भावात त्याचा खर्च थोडाफार भरून काढतो. बाटल्या भंगारवाल्याला देऊन फक्त पाकिटं आम्हाला द्यायची असतील तर आमची हरकत नाही, त्याचंही पोट आहे. पण मग दर वेगळा लागतो. दोन्ही दर पावतीच्या मागे छापलेले आहेत.

ही पाकिटं पुन्हा प्लास्टिक होत नाहीत, हेही सांगून टाकतो. आत चकचकीत धातूचा मुलामा, त्यावर दोन-तीन जातींच्या प्लास्टिकचे थर, ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. आम्ही ती कर्नाटकातल्या सिमेंट भट्टीला जळण म्हणून पाठवतो. पावतीवरही 'जळण' असंच लिहितो, 'रीसायकल' नाही. "जाळायचंच तर आम्हीच जाळतो" म्हणणाऱ्यांसाठी: भट्टीत १४०० अंशांच्या वर तापमान असतं आणि धूर गाळणीतून जातो. माडाखालच्या आगीत अर्धवट जळतं, आणि त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर विषारी वायू तुमच्याच खोल्यांत शिरतो. भट्टीलाही माल कोरडाच लागतो, कारण ओल्या जळणाची उष्णता पाणी उडवण्यात वाया जाते. फिरून गोष्ट तिथेच येते.

मक्याच्या पिशव्या

अलीकडे बरेच ग्राहक "आमच्याकडे प्लास्टिक नाहीच, मक्याचं कंपोस्टेबल (कुजून खत होणारं) आहे" असं अभिमानाने सांगतात आणि त्याच पिशवीत भरून बाकीचं प्लास्टिक देतात. या पिशव्या आमच्या गोणीत घालू नका. कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र असतं ते कंपोस्ट प्रकल्पातल्या सुमारे ५८ अंशांच्या उष्णतेसाठी. वहाळासाठी किंवा समुद्रासाठी नाही. अशा पदार्थांचे पेले बाटल्यांत मिसळले तर आणखी घोटाळा. पाण्यात ते बाटल्यांसारखेच बुडतात, मग कारखान्यात चुरा तापवताना आधी वितळून चिकटतात आणि सगळा माल बिघडवतात. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' (आपोआप कुजणारी) छापलेल्या पिशव्यांवर तर अजिबात जाऊ नका. प्लिमथ विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशी पिशवी ३ वर्षं समुद्रात राहूनही सामान वाहून नेण्याइतकी शाबूत निघाली. पुरवठादाराकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. बऱ्याचदा तिथेच बोलणं थांबतं.

कायद्याचं थोडक्यात, कारण तपासणी आली की फोन आम्हालाच येतो. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, स्ट्रॉ, ढवळण्या आणि मिठाईच्या खोक्यावरची पातळ फिल्म देशभर बंद आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगही बंद आहे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे पहिला दंड ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि कैदही होऊ शकते. बंदी असलेला माल आमच्या गोणीत दिलात म्हणून दंड टळत नाही.

मासळीवाल्यांसाठी आणि होडीवाल्यांसाठी

थर्माकोलच्या पेट्या अख्ख्या द्या, पाणी काढून. मोडून गोणीत कोंबल्या की त्यांचे दाणे होतात, आणि वाऱ्याने उडालेला दाणा आम्हीच काय, कुणीच गोळा करू शकत नाही. पुढची खरेदी करताना जाड भिंतीच्या, धुता येणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्यांचा विचार करा. सुरुवातीला महाग वाटतात, पण बर्फ जास्त टिकतो. आमच्याकडून घ्या असं नाही, आम्ही त्या विकत नाही.

जुन्या जाळ्यांना चांगला भाव येऊ शकतो, पण अट एकच: बोये, शिसं आणि दोर काढून द्या. जाळं नायलॉनचं, दोर बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा. एकत्र आलं तर कारखाना दोन्ही नाकारतो. समुद्रात हरवलेलं नायलॉन बुडतं, खडपात अडकतं आणि मालक नसतानाही मासे धरत राहतं, कधी कासवही. त्याहून सोपी काळजी घ्यायची ती १ जून ते ३१ जुलै. मासेमारीबंदीच्या दिवसांत होड्या शाकारून वर असतात, माणसं जाळी विणत बसतात आणि तंगूसचे (जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचे) वीत-वीतभर तुकडे बसल्या जागी पडतात. ते वाळूत दिसतही नाहीत. विणणाऱ्याच्या गुडघ्याशी एक रिकामी गोणी अडकवा, गोणी आम्ही देतो.

केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा बंदरावर नोव्हेंबर २०१७ पासून 'शुचित्व सागरम्' नावाचं काम सुरू झालं. जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात न टाकता मच्छीमार बंदरावर आणू लागले, तिथे बायका ते निवडत आणि चुरा रस्त्याच्या डांबरात जाई. आपल्याकडेही जाळ्यात आलेली पन्नी परत पाण्यात फेकू नका. जेटीवरच्या निळ्या पिंपात टाका, त्याचा आकार आम्ही लावत नाही. तेवढी मात्र ओली चालते.

कमी करायचं असेल तर

आमचा धंदा कचऱ्याच्या वजनावर चालतो, तरी सांगतो. खोलीत अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेवणं बंद करा. गाळणीचं यंत्र पाहुण्याला दिसेल अशा जागी बसवा आणि खोलीत तांब्या-भांडं ठेवा. यंत्र आत लपवलं तर पाहुणा बाटलीच मागतो. शाम्पूच्या सॅशेऐवजी भिंतीवर पंपाची बाटली लावा. सॉसची पुडी मागितल्याशिवाय देऊ नका. एवढ्याने पाकिटांची गोणी अर्धी होते आणि तुम्हाला लागणारा आकारही कमी होतो. आम्हाला चालेल, कारण असे ग्राहक आम्हाला सोडून जात नाहीत.

मोरीच्या आणि अंगणातल्या गटाराच्या तोंडाला बसवायची जाळी मापाप्रमाणे आमच्याकडे बनवून मिळते. स्टीलची आहे, खाऱ्या हवेत बरी टिकते. आठवड्यातून एकदा काढून झटकावी लागते, तेवढं काम कुणाच्या तरी नावावर लावून ठेवा.

महिन्याच्या शेवटी मिळणारी वजनाची पावती फेकू नका. काही ग्राहक ती रिसेप्शनवर लावतात, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे ती थांबून वाचतात. नवा माणूस कामाला लागला की आम्हाला कळवा, आमच्या शेडवरची एक ताई येऊन अर्ध्या तासात त्याला शिकवून जाईल. त्याचे पैसे नाहीत, चहा चालेल.

पावसाळ्यात देवबागच्या बाजूला रस्त्यावर पाणी असलं तर गाडी त्या दिवशी येणार नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी येईल. तोवर गोणी पडवीत ठेवा, गेटाबाहेर नको, गाई फाडतात. गणपतीच्या दिवसांत फेऱ्या दुप्पट असतील. सजावटीचा थर्माकोल मात्र घेतला जाणार नाही, कारण त्यावरही बंदी आहे. ज्यांना जादा गोण्या हव्यात त्यांनी चतुर्थीच्या आठवडाभर आधी गाडीवरच्या मुलाकडे सांगावं.